ओझं घेऊन घाटाखाली

मोबाईल घरीच ठेवा. पाकिटातल्या नोटाही नकोत, कुणी घेणार नाही. त्याऐवजी ही चिल्लर मुठीत धरा: काही जुने आणे, काही नवे पैसे. साल 1958, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पहाटेचे साडेपाच. तुम्ही सांगलीच्या एसटी स्टँडवर उभे आहात आणि तरीही सांगली जिल्ह्यात नाही. तो जिल्हा अजून नावानं अस्तित्वात यायचाय. 1949 मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले; तुमच्या पायाखालचा हा भाग सरकारदरबारी ‘दक्षिण सातारा’. सांगली हे नाव जिल्ह्याला 1960 मध्ये लागेल. त्यामुळे आज दिवसभर कुठंही गेलात, कृष्णेकाठी काय नि कोयनेकाठी काय, घाटाच्या टोकापर्यंत तुम्ही कुठल्या तरी साताऱ्यातच असाल.

पायाशी कापडी पिशवी आहे, ती विसरू नका. पाच शेर हळकुंडं आहेत. किलो अजून बाजारात आलेला नाही, दुकानदाराला उगाच गोंधळात पाडू नका. हळद हरिपूरच्या पेवातली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र पोतीच्या पोती मावतात. पेव उघडलं की लगेच कुणी आत उडी टाकत नाही. कोंडलेली हवा जीव घेते. झाकण काढून ठेवतात, वाट बघतात, मग दोरीनं कंदील सोडतात. ज्योत तग धरून राहिली तरच हमाल उतरतो. या पिशवीला तोंड लावलंत तर अजून तो वास येईल, मातीचा आणि हळदीचा एकदम. ही तुम्हाला गुहागरला पोचवायची आहे, समुद्राकाठच्या एका घरात.

हे ओझं मुद्दामच दिलंय. रिकाम्या हातानं निघालेल्या माणसाला या रस्त्यानं कधी ओळख दिलेली नाही.

गाडी आली. चढा, खिडकी धरा. कंडक्टर तिकीट फाडतो आणि पहिल्याच माणसाशी त्याची जुंपते. गेल्या वर्षी एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झालेत, पण लोकांच्या कनवटीला अजून आणेच आहेत. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, आणि तीन आणे म्हणजे मात्र एकोणीस. “हा एक पैसा कुठनं उगवला?” असं पागोटेवाला म्हातारा विचारतो आणि अख्खी गाडी त्याच्या बाजूनं होते. कंडक्टर चार आण्यांचे पंचवीस होतात हे सांगून सुटका करून घेतो. तेवढ्यात गाडी आयर्विन पुलावर चढते.

डावी-उजवी दोन्हीकडं बघून घ्या. 1929 चा हा पूल. खाली मे महिन्यातली कृष्णा, वाळूच्या पट्ट्यातून वाट काढत चाललेली. घाटावर कपड्यांचा आवाज, मागं गणपतीच्या देवळाचा कळस. याच पुलाच्या मोजपट्टीवर 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर जाईल आणि सांगलीचा निम्मा बाजार त्यात उभा असेल. पण हे शेजारच्या माणसाला सांगू नका. एक तर त्याला खरं वाटणार नाही, आणि वाटलं तर उगीच त्याची झोप जाईल.

सांगलीवाडी, आष्टा, इस्लामपूर. सपाट काळी जमीन, उसाचे फड, मोटेची करकर. दृश्य म्हणून इथं थांबण्यासारखं फार नाही, ऐकण्यासारखं आहे. गाडीत दोन तट पडलेत. कऱ्हाडच्या अलीकडं-पलीकडं या एवढ्याशा पट्ट्यानं एकाच वेळी दोन माणसं वर पाठवलीत: देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, आणि येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, गेल्याच वर्षी साताऱ्यातून लोकसभेत गेलेले, कम्युनिस्ट. पहिले द्विभाषिक राज्य चालवताहेत, दुसरे ते मोडायला निघालेत. खिडकीपाशी बसलेला टोपीवाला सांगतोय की नोव्हेंबरात नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले तेव्हा तो पसरणीच्या घाटात काळं निशाण धरून उभा होता.

“मग काय, दिसलं का पंडितजींस्नी?”

“न दिसायला काय झालं? दोन्ही अंगाला माणूसच माणूस हुतं.”

“आन्‌ राज्य?”

“ईल की. कुटं जातंय?”

येईल. दोन वर्षांनी, 1 मे रोजी. तुम्ही गप्प बसा आणि पेठचा नाका मागं पडताना बघा. इथून पुणे-बंगळूर रस्ता. डाव्या हाताला एक लांबट डोंगर तुमच्याबरोबर चालायला लागेल: आगाशिव. त्याच्या कड्यात साठावर बौद्ध लेणी खोदलेली आहेत, जखिणवाडीच्या डोक्यावर. भिक्खूंनी एकांतासाठी हा डोंगर निवडला असं आपण समजतो. मला ते अर्धंच पटतं. एवढी लेणी खोदायला दान लागतं, आणि दान देणारा व्यापारी रस्त्याच्या कडेला सापडतो. कोकणच्या बंदरातून घाट चढून आलेला माल जिथं सपाटीला लागतो, त्या कऱ्हाडच्या वेशीवरच ही लेणी आहेत.

कऱ्हाडला उतरा. चिपळूणची गाडी सुटायला अवकाश आहे. स्टँडवर चहा घेत बसण्यापेक्षा प्रीतिसंगमावर जाऊन या. महाबळेश्वराच्या एकाच डोंगरातून निघालेल्या दोन नद्या: कृष्णा सरळ देशावर उतरली, कोयना मात्र सह्याद्रीची पाठ धरून दक्षिणेकडं चालत राहिली, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळली, आणि इथं येऊन कृष्णेला समोरासमोर भिडली. बहुतेक नद्या कडेनं येऊन मिळतात. या दोघी अंगावर धावून येतात, आणि मग दोघीही एकदम वळतात. आज वाळवंटात पोरं पोहताहेत. यशवंतरावांची समाधी इथं व्हायला अजून बराच काळ आहे. सध्या ते मुंबईत फायलींवर सह्या करताहेत.

परतताना पेठेतून गुळाची एक भेली घ्या. बोटानं दाबून बघा, कडक पाहिजे. मऊ असेल तर कोकणातल्या दमट हवेत दोन दिवसांत पाणी सोडेल. दुकानदार कागदात गुंडाळता गुंडाळता विचारतो, “खाली निघालाय व्हय?” खाली म्हणजे कोकणात. त्याला दुसरी खालची दिशा माहीत नाही.

चिपळूणची गाडी जुनी आहे, लाकडी सांगाड्याची, प्रत्येक खड्ड्याला वेगळा सूर लावणारी. आता कोयना तुमच्या सोबतीला. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण. दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येत जातात. पाटणच्या वर दातेगड. त्याच्या माथ्यावर कातळात तलवारीच्या आकाराची विहीर कोरलेली आहे, पायऱ्या उतरत खोल आत पाण्यापर्यंत जाते. गाडीतून विहीर दिसत नाही, नुसता डोंगर दिसतो. पण माहीत असलं की डोंगराकडं बघण्यात फरक पडतो.

झाडांकडं लक्ष ठेवा. कऱ्हाडला बाभळ होती. मल्हारपेठेला आंबा आणि चिंच. पाटणच्या पुढं जांभूळ, अंजनी, करवंदाच्या जाळ्या. जमिनीचा रंग काळ्याचा तांबडा होतो, घरांच्या छपरांचा उतार वाढत जातो, पुढच्या पडव्या खाली वाकतात. कऱ्हाडला पाऊस हातचा राखून पडतो. पन्नास-साठ किलोमीटरवर, कोयनेच्या डोक्याला, एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक आणि रस्ता मात्र तोच. रस्त्याकडेच्या दगडांवर आकडे मैलांत आहेत, तेवढा हिशेब तुम्ही मनात करा.

पाटणला एक कुटुंब चढतं. नवरा, बायको, दोन पोरं, एक कोंबडी. माणसाच्या खिशात घडी करून करून फाटत आलेला कागद आहे, मोजणीचा. त्याचं गाव वर कोयनेच्या खोऱ्यात. धरण झालं की पाण्याखाली जाणार. अशी शंभराच्या घरात गावं आहेत. कुणाला सोलापुरात जमीन दाखवलीय, कुणाला ठाण्यात, कुणाला कुलाब्यात, कुणाला खाली रत्नागिरीत. याला कुठली, ते तो सांगत नाही. कंडक्टरनं दोनदा विचारल्यावर एवढंच म्हणतो, “तिकडं नाचणी येत न्हाई म्हणत्यात.”

कंडक्टर पोरांचं तिकीट घेत नाही.

हेळवाक. इथं डोंगर एकदम उघडतो आणि तुम्हाला भिंत दिसते. भिंत म्हणजे अजून भिंतीची सुरुवात. नदीच्या दोन्ही काठांवरून दगड-काँक्रीटचे खांब उगवताहेत, मधून क्रेनचे हात, धुळीचा ढग, सुरुंगाचे भोंगे. देशाच्या कानाकोपऱ्यातले मजूर, इंजिनियरांच्या जीपा, ओळीनं उभ्या चाळी. 1954 मध्ये काम सुरू झालं. ही भिंत शंभर मीटरच्या वर जाईल आणि तिच्यामागं शिवसागर पसरेल, 105 टीएमसीचा.

पण खरी गंमत भिंतीत नाही, डोंगराच्या पोटात आहे. कोयना देशावरची नदी. तिचं पाणी कृष्णेत, कृष्णेतून आंध्रात, तिथून बंगालच्या उपसागरात, हा तिचा लाखो वर्षांचा शिरस्ता. समुद्र मात्र तिच्या पश्चिमेला, घाटाखाली, हाकेच्या अंतरावर. इंजिनियर म्हणाले, हिला उलटी फिरवू. सह्याद्रीच्या आरपार बोगदा, पलीकडं पावणेपाचशे मीटरच्या आसपास सरळ उतार, आणि खाली पोफळीला डोंगराच्या आतच वीजघर. पाणी पडेल, चक्रं फिरतील, मुंबईच्या गिरण्या आणि दिवे चालतील, आणि मग ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाईल. या रस्त्यानं घाटाखाली पुष्कळ ओझी उतरवली, गूळ, मिरची, कापूस, माणसं. नदी उतरवायची ही पहिलीच वेळ. ते 1962 मध्ये जमेल. आत्ता, तुमच्या पायाखाली, सुरुंगांचा आवाज येतोय.

गाडी चहासाठी थांबलीय. पाय मोकळे करायला उतरा, आणि सांभाळा, कारण हेळवाकच्या या वळणावर तुम्ही नऊ वर्षं पुढं घसरणार आहात.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. थंडी हाडांत शिरलीय, सगळं कोयनानगर गोधडीत आहे. आधी आवाज येतो, खालून, मोठा ट्रक घराखालून गेल्यासारखा. मग भिंती. दगड-मातीच्या भिंती आतल्या बाजूला येतात, झोपलेल्या माणसांवर. काही सेकंदांचाच खेळ. नंतर जे उरतं ते धूळ, अंधार, आणि प्रत्येक दिशेनं नावं घेऊन मारलेल्या हाका. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं तर मोजायला उभी राहिली नाहीत. मुंबईत दिवे गेले. धरणाला तडे गेले पण भिंत टिकली. नंतर ती आणखी जाड, आणखी मजबूत करावी लागली. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेचं नाव घेतात: साठवलेल्या पाण्याच्या भारानं जमीन हलू शकते का, या प्रश्नाचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून. दख्खनचा हा कातळ म्हणजे कधीही न हलणारी जमीन, असं तोवर पुस्तकांत लिहिलेलं होतं.

“चला, चला, बसा!” कंडक्टर घंटी ओढतोय. पुन्हा मे 1958. चहावाल्यानं तुमचा कप विसळून टाकलाय. मोजणीचा कागदवाला माणूस इथंच उतरलाय. पोरं कोंबडी धरून चढणीला लागलीत.

आता कुंभार्ली. देशाच्या बाजूनं येणाऱ्याला हा घाट फसवतो. चढ असा लागतच नाही. झाडीतून एक वळण घेतलं की समोरची जमीन संपते. खाली कोकण, डोंगरांच्या निळसर घड्यांवर घड्या, त्यांच्या पलीकडं धुरकट पांढरी रेघ. ती समुद्राची की ढगाची, यावर गाडीत नेहमी वाद होतो. उजवीकडं, पोफळीच्या डोक्यावर, जंगलात दडलेला जयगड. ड्रायव्हर गियर टाकतो, बायका बोलायच्या थांबतात, पहिल्या वळणावर कुणीतरी ‘मोरया’ म्हणतं. दुसऱ्या वळणावर रस्त्याकडेच्या दगडी कठड्याला हात लावता येईल एवढी गाडी कडेला जाते. कठडा जुना आहे. बघा त्याच्याकडं. नीट बघा.

1880. रात्र. चांदणं.

बसचं इंजिन थांबलंय आणि त्याच्या जागी घंटांचा आवाज आहे. तुमच्या पुढं सात-आठ बैलगाड्या, मागं तेवढ्याच. तुम्ही कऱ्हाडकडच्या एका गाडीवर, गुळाच्या ढेपांना टेकून बसलात. शेजारी मिरचीची पोती, नाक चुरचुरतंय. गाडीवान तात्या गाडीवर नाही, तो बैलांच्या तोंडाशी चालतोय, कासरा हातात आणि दुसरा हात जुवावर. उतार लागायच्या आधी सगळ्यांनी थांबून एक काम केलंय: प्रत्येक गाडीच्या मागं साखळीनं लाकडाचा जाड ओंडका बांधलाय. तो रस्त्यावरून फरफटत येतो आणि गाडीला मागं ओढून धरतो. नाहीतर एवढ्या वजनाची गाडी उतारावर बैलांच्या पाठीवर चढेल. ओंडक्यांची घरघर, दगडावर घासलेल्या लोखंडी धावांच्या ठिणग्या, तापलेल्या लाकडाचा वास. आसाखाली लटकवलेला कंदील डोलतो, त्याचा उजेड बैलांच्या पायांवर पडतो आणि तेवढाच रस्ता दिसतो.

हे उजव्या अंगाचं खोंड नवीन आहे. दर वळणाला बिचकतं. तात्या त्याच्याशी बोलत राहतो, मोठ्यानं नाही, रागानंही नाही, नुसतं बोलत. “हळू रं लेकरा. हळू. पोचायचंय.” त्याची जुनी जोडी दुष्काळात गेली. दोन-तीन वर्षंच झालीत त्या दुष्काळाला. खानापूर, आटपाडी, माणदेशाकडं तर दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या होत्या. हे खोंड कर्ज काढून घेतलंय. भाडं मिळालं तर हप्ता जाईल.

गाडीरस्ता व्हायच्या आधी इथून लमाणांचे तांडे जायचे, बैलांच्या पाठीवर गोणी घालून. तात्याच्या बापानं ते बघितलंय. चाक आलं आणि एका जोडीवर पूर्वीच्या कितीतरी बैलांचा माल जायला लागला. चिपळूणचं बंदर त्यावर पोसलं गेलं. खाली जातं ते सगळं जमिनीतलं: गूळ, मिरची, हळद, धान्य, कापूस. वर येतं ते बहुतेक समुद्रामार्गे आलेलं: मीठ, नारळ, सुकी मासळी, खजूर, लोखंड, विलायती कापड.

खालून घंटा. पुढचा गाडीवान हाळी देतो, “चढाची हाय का?” “चढाची! मीठ!” लगेच आपल्या सगळ्या गाड्या डोंगराच्या अंगाला दाबून उभ्या राहतात. चढणाऱ्याला आधी वाट. थांबलेली चढाची गाडी पुन्हा हलवायला बैलांची छाती फुटते, म्हणून हा नियम. त्यासाठी कुणा साहेबाला पाटी लावावी लागलेली नाही. मिठाच्या गाड्या हळूहळू वर सरकतात, एक-एक बैल तुमच्याजवळून जाताना त्याच्या श्वासाची ऊब हाताला लागते. पोत्यांवर ओल आहे. या मिठावर सरकारची पट्टी बसलीय आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत ते आणखी महागेल. तरी त्याच्यावाचून कऱ्हाडच्या कुठल्या घरात चूल पेटणार?

या गर्दीला फार वर्षं उरलेली नाहीत. दहाएक वर्षांत पुण्याहून मिरजेकडं रेल्वे येईल, कऱ्हाडजवळून जाईल, आणि देशावरचा माल रूळ धरून मुंबईला निघेल. घाट बंद पडणार नाही, पण त्याचं महत्त्व जाईल, आणि चिपळूणच्या बाजाराला ते जाणवेल. तात्याला हे सांगावं का? मी सांगितलं नसतं. त्याचं लक्ष खोंडावर हवंय.

हॉर्न. डोळे उघडा. एसटी वळणावर थांबलीय, खालून एक ट्रक चढतोय, ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या अंगाला घेतलीय. नियम तोच. झाडीत शीळकरी कस्तूर शीळ घालतोय, एखाद्या निवांत माणसानं विचार करत करत वाजवावी तशी. हवेत पाणी जाणवायला लागलंय. सदरा पाठीला चिकटतो.

कुंभार्ली, पोफळी, शिरगाव, मग चिपळूण. वाशिष्ठी या दिवसांत कोरडीच्या जवळपास आहे. चार वर्षांनी कोयनेचं पाणी उतरलं की ती उन्हाळ्यातही वाहायला लागेल, आणि काठाच्या लोकांना नदीशी नव्यानं जुळवून घ्यावं लागेल. चिपळुणात गाडी बदलायची आहे, तेवढ्यात जेवून घ्या. भात, आमटी, ताटाच्या कडेला आंब्याचं रायतं. बाजारात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची झुंबड आहे. दाभोळपर्यंत बोट, तिथून खाडीनं लाँच, गोवळकोटच्या धक्क्यावर उतरायचं आणि मग गाव. पावसाळ्यात समुद्र बोटी बंद करतो, म्हणून परतीची घाई सुरू झालीय. जो तो फणस नाहीतर करंड्या मिरवत धक्क्याकडं पळतोय. ही पेठ 22 जुलै 2021 ला पाण्यात बुडेल, माणसं छपरांवर चढून बसतील. तेही इथं कुणाला सांगू नका. दिवसभरात फारच गोष्टी पोटात ठेवायला लागताहेत, कबूल आहे.

गुहागरचा रस्ता म्हणजे तांबडी धूळ. रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी. कातळाचे उघडे सडे, त्यांच्यावर वाळलेलं गवत, मधेच काजूची राई, आणि प्रत्येक उताराच्या पायथ्याशी अचानक हिरवी वाडी. शेवटच्या उतारावर माडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीला येतात. गाडी व्याडेश्वराच्या आसपास थांबते तेव्हा तुमच्या भुवयासुद्धा तांबड्या झालेल्या असतात.

घर सोपं आहे: माडापोफळींच्या बागेतून जाणारी पायवाट, तिच्या टोकाला कौलं, मागच्या दाराला समुद्र. काकू ओटीवर येतात.

“आलात होय? घाट कसा होता? बसा, आधी पाय धुवा.” कोकमाचं सरबत पुढ्यात येतं. पिशवी उघडून त्या एक हळकुंड घेतात, मोडून आतला रंग बघतात, मान डोलावतात. गुळाला बोटानं दाबतात. “कऱ्हाडचा ना? मग ठीक.”

दुसऱ्या दिवशी समुद्र बघायला गुहागरच्या वाळूवर थांबू नका. तो सुरेख आहे, लांबलचक आहे, पण शांत. रांगडा समुद्र बघायचा तर बैलगाडीनं दक्षिणेला हेदवीला जा. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक अरुंद चीर पडलीय: बामणघळ. भरतीची वेळ विचारूनच जा. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि मला नावं ठेवाल. भरतीला लाट त्या चिरेत शिरते, तिला मागं जायला जागा उरत नाही, तेव्हा ती वर उसळते, दोन-तीन माणसांच्या उंचीनं, आणि तोफेसारखा आवाज होतो. काठावरचा कातळ शेवाळलेला आहे. वाकून बघायचा मोह आवरा.

मग उत्तरेला अंजनवेल. खाडीच्या तोंडावर गोपाळगड, समोर पलीकडच्या काठाला दाभोळ. तटावर बसा. इथं शेवटचं घसरायचंय, आणि या वेळी खोल: 1472 च्या आसपास.

खाडीत शिडं आहेत. बहमनी राज्याचं हे मोठं बंदर. अरबस्तानातून, खुरासानातून माल येतो, आणि मालांत सगळ्यांत किमती माल चार पायांवर उतरतो. तिकडं धक्क्यावर बघा: महिनाभर डुलत आलेले घोडे फळीवरून खाली येताहेत. त्यांचे पाय जमिनीवरही डुलत्या बोटीसारखेच टाकले जातात, काही तर टेकताच गुडघ्यावर बसतात. मोतद्दार पाण्याचे हंडे घेऊन धावतात. दख्खनच्या हवेत चांगला घोडा पैदा होत नाही, म्हणून विजापूर-बीदरच्या फौजा या धक्क्याकडं डोळे लावून बसलेल्या. काही दिवस चारा खाऊन उभे राहिले की त्यांना कऱ्हाडच्या वाटेनं घाट चढवतील.

गर्दीत एक दाढीवाला परदेशी जहाजाची वाट बघतोय. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. तो स्वतः एक घोडा घेऊन चौलला उतरला होता; जुन्नरला खानानं तो घोडा काढून घेतला, मग मोठ्या खटपटीनं परत मिळाला, बीदरला विकला गेला. फायदा असा फारसा झाला नाही. आता तो दाभोळहून परत निघालाय, आणि त्यानं लिहिलेल्या टिपणांमुळे आपल्याला या धक्क्यावरचे घोडे माहीत आहेत. स्वतः मात्र तो घरी पोचणार नाही. वाटेतच, स्मोलेन्स्कच्या आधी, मरेल. वास्को-द-गामाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्याच्या पंचवीस वर्षं आधी आलेल्या या माणसाचं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. गामाच्या मागून येणारे पोर्तुगीज 1508 च्या डिसेंबरात हे दाभोळ जाळतील, तेही इथं कुणाला माहीत नाही.

तटावरून उठा. तुमच्या पाठीमागं, याच अंजनवेलच्या पठारावर, 1990 च्या दशकात एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहील, मोर्चे निघतील, 2001 मध्ये तो बंद पडेल आणि नंतर नव्या नावानं सुरू होईल. कोयनेची वीज इथून फार लांब नाही, तरी इथं परदेशातून आणलेल्या इंधनावर वीज करायची होती. हा वाद मोठा आहे आणि तुमची गाडी पहाटे साडेपाचला आहे.

काकूंनी परतीची तयारी करून ठेवलीय. रिकामी पिशवी परत न्यायची पद्धत नाही. तिच्यात आमसुलं, तळाला चार नारळ, फणसपोळीची वळकटी, आणि शेजारच्या कोळणीकडून घेतलेली सुक्या बांगड्यांची वेगळी जुडी, केळीच्या सोपटात घट्ट बांधलेली. “वर कुणाला आवडत असेल तर द्या. नाहीतर तुम्हीच खा,” काकू म्हणतात. त्यांच्या घरात ती चालत नाही, म्हणून ती रात्रभर अंगणात पेरूच्या फांदीला टांगलेली होती आणि मांजर रात्रभर खाली बसलेलं होतं.

स्टँडवर कंडक्टर पिशवीकडं बघतो, मग जुडीकडं, मग वास घेतो.

“मासळी हाय?”

“थोडीच आहे.”

“थोडी काय नि लई काय. टपावर टाका. आन्‌ तिकीट काढा, कऱ्हाडपतुर. सुट्टं द्या, नवं पैसं.”